पंजा मोजणारे हुद्दार

हुद्दारांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला नाही. माझा उजवा हात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला, बोटं फाकवायला लावली, आणि खिशातून शिंप्याचा टेप काढून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजलं.

"साडेसात इंच," ते म्हणाले. "नाही जी आक्का, जमत नाही. थंडीत चेंडू सुटेल तुमच्या हातून."

मी म्हटलं, "चहाचा कप सुटतो, तिथं चेंडूचं काय घेऊन बसलात? बसा."

ते बसले. तेव्हापासून बसताहेत. अमेरिकेच्या वरच्या अंगाला, इथं वॉटर्लूला मुलाकडे येऊन मला बरीच वर्षं झाली. हुद्दार आमच्या शेजारच्या घरात राहतात. मूळचे नागपूरचे. इथल्या एका कारखान्यात इंजिनियर होते, आता रिटायर झाले आहेत. बायको पुष्पा वर्ध्याची. मुलगी मेघना देशाच्या पार पश्चिम टोकाला, सरेला, पूल बांधण्याच्या कंपनीत आहे. माणूस सरळ आहे. दारू नाही, पत्ते नाहीत. एकच वेड आहे, अमेरिकेतल्या फुटबॉलचं. तेही खेळाचं नाही. खेळ सुरू असतो तेव्हा हुद्दार पेंगतात. खेळ संपून मैदानं रिकामी झाली की हा माणूस जागा होतो.

हे काय प्रकरण आहे ते मला कळायला एक हिवाळा गेला. तुम्हाला थोडक्यात सांगते. हंगाम संपला की तिथल्या टीमा आपापली माणसं बदलतात. याला सोड, त्याला घे, याच्या बदल्यात तो दे. आणि एप्रिल संपता संपता कॉलेजातल्या नव्या पोरांची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. एकेका टीमने पाळीपाळीने एकेका पोराचं नाव पुकारायचं. पोराला कुठं जायचं ते विचारत नाहीत. जिने नाव पुकारलं तिच्याकडे जायचं. तीन दिवस हे चालतं. आणि जी टीम सगळ्यांत जास्त हरली, तिला पहिला मान. हे ऐकल्यावर मात्र मी म्हटलं, गोऱ्यांनी एक तरी गोष्ट शहाणपणाची केली.

निवडीच्या आधी पोरांना एका जागी बोलावतात. वजन करतात, उंची मोजतात, पळायला लावतात, उड्या मारायला लावतात, पंजा मोजतात. हुद्दारांनी मला ते टीव्हीवर दाखवलं. मी म्हटलं, "यात नवीन काय? मला बघायला आले तेव्हा असंच केलं होतं. चालून दाखव म्हणाले. सुईत दोरा ओवून दाखव म्हणाले. सासूने केस ओढून बघितले, खरे आहेत का म्हणून."

हुद्दार खुर्चीतून उठले. "हेच! हेच मी पुष्पाला इतकी वर्षं सांगून राहिलो! आक्का, तुम्हाला किती लवकर समजलं जी!"

आतून पुष्पा म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा हे मान खाली घालून चिवडा खात होते. मला पाहिलंच नाही. आता अनोळखी पोरांचे पंजे पाहून राहिले."

"चिवडा चांगला होता," हुद्दार म्हणाले.

माणसांकडे बघायची त्यांची नजर अशीच आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाची पंगत दर वर्षी रखडायची. एका वर्षी हुद्दारांनी वाढप्यांची मांडणी हातात घेतली. देशपांड्यांचे हात लांब, त्यांना भातावर. जोशीबाई पायाने चपळ, त्यांना पोळ्यांवर. मंडळाचे अध्यक्ष वरणाचं भांडं धरायला आले तर त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं, "तुमचं वय झालं, तुमचे पाय बाजूला वळत नाहीत. तुम्ही मिठावर." अध्यक्ष तीन महिने बोलले नाहीत. पण पंगत अशी सरसर उठली की लोक दुसऱ्यांदा बसायला निघाले.

"भावना बाजूला ठेवायच्या," हे त्यांचं पेटंट वाक्य. कुठल्या टीमने जुन्या गड्याला सोडलं की पुष्पा हळहळते. हुद्दार म्हणतात, "तिशी झाली त्याची. गुडघा गेला. भावना बाजूला ठेवा." आमच्या गल्लीतले पटेल घर विकून शेजारच्या किचनर गावाला गेले तेव्हाही त्यांनी एवढंच विचारलं, "बदल्यात कोण आलं?"

मला स्वतःला त्यांचा जो फायदा झाला तो सांगते. बर्फाची मला फार भीती. इथं आल्यावर पहिल्याच वर्षी आपटले, मनगट गेलं. हुद्दारांनी मला ड्राइव्हवेवर उभं केलं आणि समोरासमोर भिडणारे ते धिप्पाड गडी कसे उभे राहतात ते शिकवलं. पाय फाकवा, गुडघे वाकवा, बूड खाली, नजर समोर. लाज सोडून शिकले. आता थंडीत बसथांब्यावर मी तशी उभी राहते. कॉलेजातली पोरंपोरी बघून हसतात, आणि मग माझ्यासमोरच घसरून पडतात. मी त्यानंतर एकदाही पडलेले नाही. आमच्या दारातला बर्फही हुद्दारच शोव्हलने उपसतात. माझा मुलगा उठायच्या आत. आभार मानले तर म्हणतात, "व्यायाम आहे जी."

आता त्यांच्या भविष्य सांगण्याबद्दल. मंडळातले सहा जण दर वर्षी ड्राफ्टच्या आधी आपापला अंदाज ग्रुपवर टाकतात. कुठला पोरगा कुठल्या टीमकडे जाणार. बाकीचे पाच जण कंपनीत बसून, दोन लेख वाचून, काहीतरी ठोकून देतात. हुद्दार फेब्रुवारीपासून राबतात. एकेका पोराचे जुने सामने बघतात, थांबवून, मागे घेऊन, पुन्हा बघतात. आणि दर वर्षी सहावे येतात. एखाद्या वर्षी पाचवे आले असतील, तेव्हा एक जण अंदाज टाकायला विसरला होता.

मला हे पटेना. इतकं जाणणारा माणूस दर वर्षी चुकतो कसा? एकदा त्यांच्याकडे बसले असताना मी टीव्हीवरच्या एकेका पोराकडे बोट दाखवून सरळ विचारायला घेतलं.

"हा काळा उंच पोरगा. हा कुठला?"

"फ्लोरिडाचा."

"तुम्ही त्याला कुठं पाठवलंत?"

"फ्लोरिडातच. तिथली हवा मानवते त्याला. पंजा छोटा आहे."

"आणि हा जाडा?"

"ओहायोचा. ओहायोच्या टीमला असाच गडी पाहिजे."

"आणि हा?"

"टेक्सास."

"याला तरी लांब पाठवलंत का?"

हुद्दारांनी चष्मा पुसला. "टेक्सास मोठं आहे जी."

पुष्पा भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "आक्का, तुम्हाला आज समजलं? ह्यांचा एकही पोरगा आईच्या घरापासून गाडीने एका दिवसाच्या पलीकडे जात नाही. जिथं जवळ टीमच नाही तिथल्या पोराचं नाव हे घेतच नाहीत."

"योगायोग आहे," हुद्दार म्हणाले. "मी फक्त पंजा पाहतो. भावना बाजूला ठेवून."

माणूस खोटं बोलत असला आणि त्याने कुणाचं वाईट होत नसलं तर मी सोडून देते.

यंदाच्या वर्षी मात्र त्यांनी एक अंदाज ग्रुपवर न टाकता दारोदार सांगितला. मेघना वॉटर्लूला येणार. इथल्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. मुलाखत झाली, ते तयार होते, आता तिने होकार द्यायचा एवढंच राहिलं होतं. नऊ वर्षं मुलगी सरेला. वर्षातून एकदा दिवाळीला किंवा नाताळला यायची, तेही विमान बर्फात अडकलं नाही तर. पुष्पाने बेसमेंट रिकामं केलं. नवा पलंग आणला. हुद्दारांनी खाली भिंतींना रंग दिला, दोन हात, आणि मला पकडून नेऊन दाखवला.

"मेघना, वॉटर्लू," ते म्हणाले. "शंभर टक्के."

मी म्हटलं, "भाऊजी, तुमचे शंभर टक्के मला माहीत आहेत."

"हे वेगळं आहे जी," ते म्हणाले, आणि खिडकीच्या कडेला राहिलेला एक ठिपका बोटाने झाकायला लागले.

ड्राफ्टचा तिसरा दिवस शनिवारी असतो, दुपारी सुरू होतो. मोठी नावं आधीच्या दोन दिवसांत संपलेली असतात. शनिवारी उरलेली पोरं. ती आपापल्या घरी कोचावर बसून फोनची वाट बघतात, आई शेजारी. टीव्हीवाले ते दाखवतात. मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायलाच होते. पुष्पा आत नागपुरी वडाभाताचे वडे तळत होती. हुद्दारांचे अंदाज नेहमीप्रमाणे एकामागून एक पडत होते आणि ते प्रत्येक टीमला मूर्ख म्हणत होते.

तेवढ्यात मेघनाचा फोन आला. हुद्दारांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर. सगळ्या घराला ऐकू जातो.

"बाबा, बिझी आहात?"

"चौथी फेरी सुरू आहे. बोल."

"मला मंडेला आन्सर द्यायचंय आणि आय जस्ट कान्ट डिसाइड. आईला विचारलं तर ती ये म्हणणार. तुम्ही सांगा. पण बाबा म्हणून नको. मी तुमच्या ड्राफ्टमधला कोणी प्लेअर आहे असं समजा. बी ऑनेस्ट."

हुद्दारांनी टीव्हीचा आवाज बंद केला. ड्राफ्ट चालू असताना मी हे पहिल्यांदा पाहिलं.

"तिथं काय देऊन राहिले?"

"नदीवरचा नवा ब्रिज. माझी टीम. डिझाइनपासून शेवटपर्यंत माझ्याकडे."

"आणि इथं?"

"दुसऱ्यांनी केलेले ड्रॉइंग्ज चेक करायचे. अवर्स चांगले आहेत, प्रेशर नाही. आणि तुम्ही दोघं जवळ."

"ते शेवटचं सांगू नको," हुद्दार म्हणाले. "ते मोजत नसते."

पुष्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हाताला डाळीचं पीठ. ती नवऱ्याच्या पाठीकडे अशी बघत होती की मला वाटलं आता ती झारा मारणार. हुद्दारांना ती तिथं उभी आहे हे कळलं होतं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. टीव्हीवर एक पोरगा मुका रडत होता.

मेघनाने विचारलं, "बाबा? आर यू देअर?"

"आहे ना. ऐक. तिथं तुला मैदानात उतरवून राहिले. इथं बाकावर बसवतील. चांगल्या गादीचा बाक आहे, पण बाकच. बसायचं वय आहे का तुझं? तिथंच राह्य."

"शुअर?"

"शंभर टक्के."

"पण आईने बेसमेंट..."

"बेसमेंटचं मी पाहतो. तू सोमवारी लवकर कळवून टाक त्या लोकांना, ताटकळत ठेवू नको. आणि जेवली का? तिकडं अजून सकाळच असेल. बरं. ठेव मग."

फोन ठेवल्यावर त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पडद्याकडे बघत राहिले. आवाज लावायचं त्यांना सुचलं नाही. मला वाटलं, आता भांडण होणार, आपण घरी जावं. पण पुष्पा आत गेली. नळ सुरू झाला. पिठाचे हात धुवायला लागतो त्याहून पुष्कळ वेळ नळ चालू होता. मग ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि कोचावर नवऱ्याच्या शेजारी बसली. ड्राफ्टला ती कधी बसत नाही.

"आवाज लावा," ती म्हणाली.

हुद्दारांनी लावला. पडद्यावर एक दांडगा पोरगा उभा होता आणि त्याची एवढीशी आई त्याच्या छातीला बिलगली होती.

"हा कुठला?" पुष्पाने विचारलं.

"जॉर्जियाचा."

"आणि चालला कुठं?"

"पार वर. पश्चिमेच्या वॉशिंग्टन राज्यात, त्या टोकाला," हुद्दार म्हणाले. मग म्हणाले, "आपल्या मेघनाच्या खालीच. मधे बॉर्डर आहे फक्त."

अंदाजात त्यांनी त्या पोराला जॉर्जियातच ठेवलं होतं. हे मला माहीत होतं, सकाळीच त्यांनी मला त्याचा पंजा सांगितला होता. पण या वेळी ते टीमला मूर्ख म्हणाले नाहीत.

"टीम चांगली आहे का?" पुष्पाने विचारलं.

"चांगली आहे. खेळवतील त्याला."

"तिकडं पाऊस फार म्हणे."

"फार."

"अंगावर धड काही घालत नाहीत ही पोरं," पुष्पा म्हणाली.

"नाही घालत," हुद्दार म्हणाले.

टीव्हीवर पुढचं नाव पुकारलं गेलं. दोघांनीही ते ऐकलं नाही. मी उठले, आत गेले आणि वडाभात वाढायला घेतला, कारण त्या दोघांपैकी कोणी उठेल असं काही मला दिसेना.