वडप्याच्या बोर्डावरची भरती

भिवंडीजवळ वडप्याला आमच्या गोडाऊनात शिरलं की डाव्या हाताला एक पांढरा बोर्ड दिसतो. कोणता ट्रक कोणत्या डॉकला लावायचा, ते त्यावर लिहिलेलं असतं. पण ट्रकांच्याही वर, लाल मार्करने, रोज सकाळी दोन ओळी असतात. भरती इतक्या वाजता, ओहोटी इतक्या वाजता.

आमच्या गोडाऊनातून समुद्र दिसत नाही. त्याचा वाससुद्धा येत नाही. समोर हायवे, बाकी नजर जाईल तिथवर पत्र्याचीच छपरं. तरी राजस्थानहून तीन दिवस गाडी हाकत आलेला ड्रायव्हर खाली उतरला की आधी समुद्राची वेळ वाचतो आणि मग आपला डॉक नंबर शोधतो. एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, ये भरती किधर चालू है? मेरे भतीजे को लगाना है."

या दोन ओळी लिहिणारे म्हणजे आमचे शिफ्ट सुपरवायझर गजानन भोईर. सगळे त्यांना भोईरकाका म्हणतात. मी शमीम. त्याच गोडाऊनात डिस्पॅचला आहे, टेमघरहून रोज शेअर रिक्षाने येते. माझं टेबल बोर्डाच्या अगदी खाली असल्यामुळे गेली दोन वर्षं मला रोज सकाळी पहिल्यांदा भेटतो तो अरबी समुद्र.

मॅनेजर साहेबांनी त्या ओळी दोनदा पुसल्या. काकांनी दोन्ही वेळा परत लिहिल्या. तिसऱ्या वेळी साहेबांना शनिवार-रविवार बायकोमुलांसह अलिबागला जायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ते हळूच बोर्डासमोर येऊन उभे राहिले आणि मोबाईलमध्ये फोटो काढून गेले. त्यानंतर पुसापुशी बंद झाली.

काका बुटके, पोट थोडं पुढे आणि नाक उन्हाने बारा महिने सोललेलं. डब्याच्या पिशवीत डबा कमी आणि इतर सामान जास्त. नारिंगी लाइफ जॅकेट, शिट्टी, नायलॉनची दोरी, मोबाईल ठेवायची प्लास्टिकची पिशवी. रविवारी हा माणूस पहाटे मोटारसायकलवर निघायचा आणि नागाव, काशिद, अर्नाळा, केळवे यांपैकी कुठेतरी पाण्यात शिरायचा. सोमवारी चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसायचा. "काल उधान होतं शमीमबाय, कायाक निस्ती उडत होती." अकरा वाजेपर्यंत हे लोडिंगवाल्यांना, पॅकिंगच्या अनिताला आणि गेटवरच्या वॉचमनलाही कळलेलं असायचं. कायाक म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचं जोराचं पाणी आणि भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराचं मवाळ पाणी, हे आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या बिहारी मुलांनाही पाठ आहे.

त्यांचा एक ठरलेला शब्द होता. "मी हाय ना." फोर्कलिफ्ट बंद पडली, मी हाय ना. अनिताच्या मुलीचा गणिताचा पेपर, मी हाय ना. त्यांना गणितातलं काय येत होतं देव जाणे, पण ते म्हणाले की माणसाला बरं वाटायचं.

एका जानेवारीत त्यांनी आम्हा सोळा जणांना नागावला न्यायचं ठरवलं. त्याआधी तयारी म्हणून आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत आमचा क्लास घेतला. गोडाऊनात कायाक कुठून आणणार? त्यांनी लाकडी पॅलेट जमिनीवर मांडले, एकेका पॅलेटवर दोघादोघांना पुढेमागे बसवलं आणि हातात खराटे दिले. "डावा, उजवा. डावा, उजवा. अनिता, झाडू नको मारू, पानी मागं लोट." आम्ही सोळा जण कोरड्या फरशीवर खराट्यांनी समुद्र कापत होतो आणि डॉकवर सहा ड्रायव्हर मोबाईल धरून उभे होते. तो व्हिडिओ फिरत फिरत कामतघरला माझ्या दिराच्या लूमवर पोचला आणि तिथून माझ्या सासूबाईंकडे आला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "झाडलंस तरी नीट."

मला स्वतःला पाण्यात उतरायचंच नव्हतं. भिवंडीत वाढलेल्या माणसाला पाणी बघायला कुठे जावं लागत नाही, पावसाळ्यात तेच घरी येतं. लहानपणी एका रात्री ते पलंगापर्यंत आलं होतं आणि तेव्हापासून घोट्याच्या वर पाणी गेलं की माझा श्वास अडकायचा. म्हणून नागावला पोचल्याबरोबर मी सांगून टाकलं की मी सगळ्यांच्या चपला सांभाळते.

"चपला कुटं जात न्हाईत," काका म्हणाले. पण त्यांनी लगेच आग्रह केला नाही. आधी बाकीच्यांना बनाना बोटीवर बसवलं, स्वतः सगळ्यात पुढे बसले, मागे वळून "मी हाय ना" म्हणाले आणि बोटीने पहिला हिसका दिला तसे सगळ्यांच्या आधी पाण्यात पडले. बोट तशीच पुढे गेली. मी चपलांच्या ढिगाशेजारी बसून पोट धरून हसले आणि हसता हसता माझी भीती थोडी सैल झाली असावी. कारण अर्ध्या तासाने मी जॅकेट घालून, ओढणी कमरेला बांधून दोघांच्या कायाकमध्ये पुढे बसले होते. मागे काका.

पहिली लाट आली तेव्हा मी डोळे मिटले. दुसरी आली तेव्हा उघडले, कारण मिटून जास्त भीती वाटत होती. तिसरीवर कायाक चढली, टोक आभाळाकडे गेलं आणि धपकन खाली आलं. तोंडावर खारं पाणी बसलं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ओरडण्याचा नव्हता, हसण्याचा होता. मी वल्हं मारायला लागले. डावा, उजवा. लाटांच्या पलीकडे पाणी एकदम शांत झालं आणि किनाऱ्यावरची माणसं बोटाएवढी दिसायला लागली. मला वाटलं, असंच मारत मारत थेट मस्कतला माझ्या भावाकडे जावं.

परत येताना एका लाटेने आम्हाला आडवं केलं. मी पाण्याखाली गेले. कान बंद, डोळ्यांसमोर हिरवं. मग जॅकेटने मला बाटलीच्या बुचासारखं वर फेकलं आणि मी आभाळाकडे तोंड करून तरंगत होते. बुडत नव्हते. अडतीस वर्षांच्या बाईला आपण बुडत नाही हे पहिल्यांदा कळलं तर तिची काय अवस्था होते, ते सांगता येत नाही. त्या दिवशी मी आणखी तीनदा गेले. चपला शेवटी कोणीच सांभाळल्या नाहीत आणि काका म्हणाले तशाच त्या जागेवर होत्या.

त्यानंतर महिन्यातून एक रविवार मी आणि अनिता काकांबरोबर जायला लागलो. तेव्हा त्यांच्या खऱ्या लहरी बघायला मिळाल्या.

किनाऱ्यावर गाडी लावली की ते पाण्यापर्यंतची पावलं मोजायचे. मोठ्याने. मधेच कोणी बोललं की परत गाडीपाशी जाऊन पहिल्यापासून सुरुवात. मग शहाळेवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची मागून घ्यायचे आणि ती समुद्रात नेऊन गुडघाभर पाण्यात मांडून बसायचे. घड्याळ बघत. लाटा छातीवर येतायत आणि हा गृहस्थ सलूनमध्ये नंबर लावल्यासारखा बसलेला. खुर्चीचा कुठला पाय किती रुतला ते हाताने चाचपून बघायचे. बोटवाल्यांना नाना प्रश्न. तळाला वाळू की चिखल? जॅकेटला खालून पट्टा आहे का? माणूस उचलून ठेवायचा झाला तर तुमच्यात दोघं धडधाकट कोण? काही बोटवाल्यांना तर ते तपासणीला आलेले सरकारी साहेबच वाटले, एकाने त्यांना फुकट शहाळं दिलं.

आणि मला शिकवण्याचा तर त्यांना ध्यासच लागला होता. अनिता सुटायची, मी नाही. उताणं तरंगायचं, मग तरंगणाऱ्या माणसाला कसं धरायचं, एक हात मानेखाली, एक कमरेखाली. अनिताला आडवं करून मी तिला धरायचे, ती खुसखुसायची, काका रागवायचे. मी एकदा विचारलं की हे सगळं मलाच का. तर म्हणाले, "कदी कोनाला धरायची येल आली तर?"

मागच्या हिवाळ्यातला एक बुधवार. काकांनी बोर्डावर वेळा लिहिल्या, मार्करचं टोपण लावलं आणि तिथेच उभे राहिले. मग टेबलापाशी आले.

"शमीमबाय, अष्टमीला रजा टाकशील? आमच्या घरातलीला पान्यात न्यायची हाय. बाईमानसाला बाईमानूस लागतं."

त्यांच्या बायकोला, सुनंदाकाकीला, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता हे आम्हाला ऐकून माहीत होतं. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं, मग बोलणं थोडं परत आलं. पण जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलणारा हा माणूस त्यावर कधी एक अक्षर बोलला नव्हता. आम्ही त्याला खुर्चीवरून, पावलांवरून इतके दिवस हसत होतो. मी रजेचा फॉर्म काढला आणि तिथेच भरला.

अष्टमीला सकाळी त्यांच्या गावातल्या घरी गेले तर काकी ओटीवर तयार होऊन बसलेली. घट्ट वेणी, मांडीवर टॉवेल. भाचीची गाडी आणली होती, काका चालवत होते, आम्ही दोघी मागे. काकी एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलायची.

"ह्यांनी सांगितलं असंल," ती म्हणाली, "पवायला हे कुणाकडनं शिकले ते."

नव्हतं सांगितलं.

"माझ्याकडनं."

काकी पालघरकडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याची लेक. लग्न होऊन इकडे आली तेव्हा हे नवरदेव शेतातल्या विहिरीत डोकावायलाही घाबरायचे. हिने कमरेला रिकामा डबा बांधून त्यांना ढकललं. काठावर अर्धा गाव हसायला जमला होता. ती विहीर आता बुजली, वर गोडाऊन झालं. हे सगळं तिने मला जवळजवळ पनवेलपर्यंत पुरवून पुरवून सांगितलं. पुढे काकांचे कान लाल झाले होते, त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मी विचारलं की मग तुमच्या माहेरच्याच समुद्रावर का नाही गेलो.

"तिकडच्यांनी मला अशी बगू नये," ती म्हणाली.

किनाऱ्याचं नाव सांगत नाही, गर्दी होईल म्हणून काकांनी बजावलंय. मुरूडच्या अलीकडे आहे. वाळूपर्यंत सिमेंटचा उतार आहे, तळाला घट्ट वाळू आहे. दुपारी चारला पाणी हळूहळू भरत होतं, लाट अशी नव्हतीच. ओळखीच्या दोघा बोटवाल्यांनी काकीला खुर्चीसकट उचलून कमरेएवढ्या पाण्यात आणलं आणि ते मागे सरले. आम्ही तिला जॅकेट घातलंच होतं. मी मानेखाली हात घातला, काकांनी कमरेखाली, आणि खुर्ची बाजूला केली.

तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं, डोळे गच्च मिटलेले. पाण्याखाली माझ्या हाताला काकांचा हात लागला. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ओठ हलत होते, आवाज नव्हता.

एक लहानशी लाट आली, आम्हा तिघांना उचलून गेली. दुसरी आली. तिसरीच्या वेळी काकीचे खांदे सैल पडलेले मला कळले. तिने डोळे उघडले.

"हात काढा."

काकांनी नाही काढला.

"काढा म्हनते ना."

मी काढला. काकांनी बऱ्याच वेळाने काढला, तोही बोट-बोट करून. काकी तरंगत होती. मग तिने डावा हात डोक्यामागे नेला आणि पाणी ओढलं. परत ओढलं. जमिनीवर दोन पावलांना काठी लागणारी ती बाई आमच्यापासून निघाली. एका हाताने पोहणारं माणूस सरळ जात नाही, गोल जातं. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या काकांच्या भोवती तिने एक पूर्ण फेरी मारली. ते तिच्याबरोबर हळूहळू वळत होते, नजर न काढता. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, पण वाजवल्या नाहीत.

फेरी पुरी करून ती थांबली. धाप लागली होती, तोंड ओलं आणि लालबुंद झालं होतं.

"भ्यालात?" तिने विचारलं.

"हां," काका म्हणाले. "लई."

"मग या हितं."

ते पाठीवर आडवे झाले. तिने डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

मी किनाऱ्याकडे तोंड फिरवलं. मागे नुसतं पाणी हलल्याचा आवाज येत होता. मग काकी हळू काहीतरी म्हणाली आणि काका हसले. मोठ्याने नाही, दोघांपुरतं.