मैनाचं स्थळ

बोधगयेची तिकिटं निघाली त्याच दिवशी निवृत्तीरावांनी ठरवलं, मैनाला असंतसं कुठंही ठेवायचं नाही. मैना म्हणजे त्यांची कुत्री. (गावठी म्हटलेलं त्यांना खपत नाही, ‘आपल्याकडची’ म्हणायचं.) त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, बोधगयेचा ध्यास घेऊन कैक वर्षं झाली होती. पण मैनाची सोय लागली नाही तर जाणं रद्द, हे दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणून रविवारी तिघं ऑटो करून उदगीर रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हॉस्टेलात हजर झाले. निवृत्तीरावांनी कडक इस्त्रीचा शर्ट चढवला होता. लेक द्यायची त्या घरी बाप जसा जातो, तसेच ते गेले.

“पाणी कुठलं?”

“बोअरचं. गोड हाय,” हॉस्टेलचे मालक गुंडप्पा म्हणाले.

“घरात कुणी तापट?”

“मीच हाय जरा.”

निवृत्तीरावांचं समाधान होईना. खोलीत वारं येतं का, हे बसून बघायला ते जाळीच्या खोलीत रांगत शिरले. मागं दार आपटलं आणि बाहेरची कडी पडली.

गुंडप्पा कडी काढायला वाकले, तशी एरवी शेजारच्या मांजरालाही वाट देणारी मैना दाराशी आडवी उभी राहिली आणि दात दाखवून गुरगुरली. त्यांनी बिस्किट पुढं केलं, तर तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आत निवृत्तीरावांचा ऊर भरून आला. “बघ सुमन, इमान बघ! शाब्बास माझी वाघीण!”

वाघीण आणखीच गुरगुरली.

“असलं कुत्रं मी ठेवत न्हाई, ताई,” गुंडप्पा म्हणाले.

सुमनबाईंचा चेहरा पडला. तो पाहून निवृत्तीराव चपापले आणि “मैना, सरक” म्हणू लागले, पण आवाजातलं कौतुक काही लपेना. (आणि का लपवावं? पोर होतीच तशी गुणाची.)

“अहो, तुम्ही आधी तोंड मिटा अन् पाठ करून बसा,” सुमनबाई म्हणाल्या. मग त्यांनी हलकेच हाक मारली. “मैना, ये बाळा.”

मैना मुकाट्यानं त्यांच्या पायाशी येऊन बसली. कडी निघाली. सुमनबाईंनी नवऱ्याला थेट फाटकाबाहेर, ऑटोत नेऊन बसवलं आणि त्या परत आत गेल्या.

बराच वेळ झाला तरी आतून ना भुंकणं ना गुरगुरणं, तेव्हा निवृत्तीरावांनी उतरून फाटकाच्या फटीतून डोकावलं. मैना उताणी पडली होती आणि गुंडप्पा तिचं पोट खाजवत होते. निवृत्तीराव गुपचूप ऑटोत जाऊन बसले.

सुमनबाई हसतच बाहेर आल्या.

“झाली पसंत?”

“झाली. लाखात एक पोरगी हाय म्हणले.”

“होणारच! वळण कुणाचं?”

“ते काय त्यांनी इचारलं न्हाई. फक्त म्हणले, पाठवणीला बापाला आणू नका.”