तीन मिलिमीटरने आखूड

निळी मोटार तीन मिलिमीटरने आखूड झाली आहे, हे निवृत्त बसड्रायव्हरला एका रविवारी सकाळी कळलं. बायकोला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

फळीवर दोनशे बारा गाड्या होत्या. बोटभर लांबीच्या, धातूच्या, दुकानात पाकिटात टांगलेल्या असतात तसल्या स्वस्तातल्या. आणायचा तो, मोजायची ती. कारण या कंपन्या प्रत्येक गाडी एकाच मापाच्या पाकिटात बसवतात. त्यामुळे फळीवर बस आणि मोटार जवळजवळ सारख्याच लांबीच्या.

"तुमच्या बसमधले साठ प्रवासी या मोटारीत कोंबू का?" असं म्हणून ती टेप काढायची आणि खरी गाडी किती पटीने लहान केली आहे ते काढून चिठ्ठी लावायची. निळी मोटार : ७४ मिलिमीटर, साठ पट. बस : ८० मिलिमीटर, दीडशे पट. शेवटच्या एकतीस गाड्यांच्या चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्या आपण पूर्ण करायच्या, एवढंच त्याने ठरवलं होतं.

हात बसावा म्हणून त्याने आधी तिने मोजलेली निळी घेतली. खालच्या मजल्यावरच्या, कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरकडून स्टीलची पट्टी मागून आणली होती. एक्काहत्तर. पुन्हा ठेवली. एक्काहत्तर. बस घेतली. सत्त्याहत्तर. मग ट्रक, जीप, रुग्णवाहिका. सगळ्या तीनने कमी.

खोलीत काहीच हललेलं नव्हतं. त्याने फळीचा कप्पा मोजला, तो तीनने कमी. तिच्या फोटोची चौकट तीनने कमी. दोन्हींची मापं बसवताना तिनेच लिहून ठेवली होती. भिंतींकडे पाहायचं त्याने टाळलं. शेवटी तिची विणकामाची वही काढली. तिथे त्याच्या मनगटाचं माप होतं. मनगटाला दोरा गुंडाळून तो पट्टीवर ताणला. तिथेही कमी. तीन.

दुपारी मेव्हणी डबा घेऊन आली.

"भाऊजी, अहो जेवत नाही तुम्ही धड. मनगट बारीक होणारच."

"आणि बस? तीही जेवत नाही?"

मेव्हणीने बसकडे पाहिलं आणि डबा फळीपासून जरा लांब ठेवला. "ताईला पसारा आवडायचा नाही," ती हळूच म्हणाली. "पण म्हणून असं आवरेल का कुणी?"

न मोजलेल्या एकतीस गाड्या आहेत तशा आहेत की त्याही आत सरकल्यात, ते सांगायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. मेव्हणी खुर्चीतच दचकली. दारात टर्नर होता.

"काका, पट्टी झाली का?" म्हणत तो आत आला. सगळं ऐकून त्याने डोकं खाजवलं. "बस पण तीन आणि मनगट पण तीन?"

"तीनच."

"मग काही आकसलेलं नाही. आकसतं तेव्हा मोठं जास्त आकसतं. काकू कशाने मोजायच्या?"

"शिवणाच्या टेपने."

"दाखवा."

टेप शिलाई मशीनच्या खणात होती. तो खण पाच महिने कोणी उघडला नव्हता. उघडला मेव्हणीने, तोंड फिरवून. टेपच्या टोकाची पत्र्याची पट्टी गळून गेली होती आणि आकडे तीन मिलिमीटरपासून सुरू होत होते.

"घ्या तुमचं भूत," मेव्हणी म्हणाली आणि मोठ्याने हसली. हसणारी ती एकटीच होती.

घर आपल्या मापावर परत आलं होतं. चुकल्या होत्या त्या चिठ्ठ्या, एकशे एक्क्याऐंशी.

"निळी साठ नाही, साडेबासष्ट पट," टर्नर म्हणाला. "बदलून टाकू, आठवड्याचं काम."

"एकही बदलायची नाही. उरलेल्याही मी याच टेपने मोजणार."

"जाणूनबुजून चुकीच्या?"

"मी कुठे चुकतोय? टेप चुकतेय."

टर्नरने मान हलवली, पट्टी उचलली आणि बरोबर टेपही खिशात घातली. दुसऱ्या दिवशी तो हसतमुखाने वर आला. टेपच्या टोकाला पितळेची नवी कोरी पट्टी होती, दोन्हीकडून घट्ट ठोकलेली.

"बरोबर तीन मिलिमीटर! चहाच्या सुट्टीत बसून केली. काकूंची टेप चुकीची राहावी, हे काही मनाला पटेना."

ड्रायव्हरने नखाने पितळ उचकटून पाहिलं. टेप फाटली असती, पितळ निघालं नसतं.

"छान झालं," तो म्हणाला.

टर्नर गेल्यावर, डबा घेऊन आलेली मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, त्यात काय एवढं? मोजा आणि तीन मिळवून लिहा."

"ते खोटं होईल. ती खोटं नव्हती लिहीत, चुकत होती."



एकतीस गाड्या मोजायच्या राहिल्या आहेत.