मेश्राम मॅडमच्या चाळीस पोट्ट्या

आमच्या गाण्याच्या मेश्राम मॅडम माणसाला तोंडावरून नाही, आवाजाच्या पट्टीवरून ओळखायच्या. सकाळी मी स्टाफरूममध्ये "नमस्ते" म्हटलं की कान तिरपा करून म्हणायच्या, "सर, अर्धा सूर खाली चालून राहिले तुम्ही. ताप हाये का?" संध्याकाळपर्यंत मला खरंच ताप भरायचा. हेडमास्तर पेटीवरच्या काळी चार पट्टीत रागावतात, हे शाळेला त्यांनीच सांगितलं. खिडकीखाली ट्रकचा हॉर्न वाजला की गाणं थांबवून मुलींना विचारायच्या, "कोणता सूर?" उत्तर चुकलं तर ट्रकपेक्षा मोठ्यानं ओरडायच्या.

आमची सरकारी मुलींची शाळा हिंदी मुलुखातल्या उरला गावात. बाहेर कारखान्यांची धूळ, आत चाळीस मुलींचं समूहगान. मॅडम कोणाचीच परीक्षा घेत नसत. येईल तिला घेत. खोकत आली तर आधी गुळाचा खडा, मग सा. गोड गळ्याच्या मुली वरची ओळ गात, घोगऱ्या गळ्याच्या खालची. मॅडमचा जीव खालच्या ओळीत. "ह्या गप बसल्या ना सर, तर वरच्या पोट्ट्या उघड्या पडतात."

राज्य नवीन, राजधानी नवीन. दर पंधरा दिवसांनी कशाचं तरी उद्घाटन. अशाच एका मोठ्या कार्यक्रमात आमच्या मुलींचं स्वागतगीत ठरलं. शाळेकडून व्यवस्था माझ्याकडे. दोन महिने मॅडमनी मुलींना आणि मला छळलं.

त्या दिवशी मंचामागे एक अधिकारी आले. "मैडम, बच्चियाँ सिर्फ होंठ हिलाएँगी. गाना सीडी से बजेगा."

"काहून?" मॅडम मराठीतच बोलल्या.

"रिस्क नहीं ले सकते."

हेडमास्तर "हव साहब, हव साहब" करत होते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही तरी बोला."

मी म्हणालो, "जाऊ द्या ना मॅडम. पोरींना नाश्ता तर मिळून राहिला."

त्या मंचावर गेल्या. मुलींपुढे उभ्या राहिल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. सीडी सुरू झाली. कुठल्या तरी स्टुडिओतल्या मुली मधासारखं गात होत्या आणि आमच्या चाळीस जणी तोंडं घट्ट मिटून उभ्या होत्या. आता गोंधळ होणार!

काहीच झालं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही. टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुणे म्हणाले, "बच्चियों ने बहुत मीठा गाया." मॅडमना प्रमाणपत्र मिळालं.

परतताना बसमध्ये दुलारी रडत होती. ती खालच्या ओळीतली. तिची आई कारखान्यात झाडलोट करायची. कामाची पाळी सोडून आई मागच्या खुर्च्यांत बसली होती आणि नंतर, लेकच गायली असं समजून, तिचा चेहरा कुरवाळून गेली होती.

मॅडम शाळेत उतरल्याच नाहीत. "चला," म्हणाल्या. बाकीच्या मुली उतरल्या आणि आम्ही तिघं थेट दुलारीच्या घरी गेलो. त्यांनी आईला खाटेवर बसवलं, सगळं खरं सांगितलं आणि दुलारीला गायला लावलं. एकटी खालची ओळ ती, गाणं वाटेचना. आई गोंधळून आमच्याकडे बघू लागली. तेव्हा मॅडमनी वरची ओळ धरली.

सात वर्षांत मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. सगळं पेटीवरच दाखवायच्या. का, ते आज कळलं. आवाज पार फाटलेला होता. दर दुसऱ्या शब्दाला हवा निसटत होती. तरी डोळे मिटून त्यांनी शेवटच्या कडव्यापर्यंत नेलं. दुलारी त्यांचा पदर धरून खालून गात राहिली.

गाणं संपलं. आई संकोचून म्हणाली, "मंच म जादा बने लागत रिहिस, मैडम." मंचावर जास्त छान वाटत होतं.

मी जमिनीकडे पाहिलं.

"हव बाई," मॅडम म्हणाल्या, "तिथं माइक होता ना." आणि दुलारीकडे पाणी मागितलं.