मामांनी देह अर्पण केला

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात हृदय उघडणारे आहेत, मेंदू शिवणारे आहेत, पण धड वाक्य लिहिणारा एकच. तो म्हणजे मी, डीन ऑफिसातला कारकून. कुणाला कसलं पदक मिळालं, कोण कुठल्या मंडळावर गेलं, हे सगळं दर महिन्याच्या 'सन्मानवार्ता' पत्रकात मीच लिहितो. डॉक्टर मंडळी ऑपरेशन झकास करतील हो, पण दोन ओळी लिहायला सांगा, त्याची औषधाची चिठ्ठी होते.

या महिन्याची वार्ता खास होती. किडनीवाल्या सरांच्या संशोधनाला परदेशात पहिलं पारितोषिक. बालरोगाच्या मॅडम देशपातळीच्या मंडळावर. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, आजवर प्राध्यापकांबाहेर कधी न गेलेला वर्षाचा सेवागौरव डिसेक्शन हॉलच्या मामांना!

मामा म्हणजे तिथले अटेंडंट. देहदानात आलेले देह उतरवून घ्यायचे, औषध भरायचं, टेबलावर मांडायचे, मुलांचं शिकून झालं की नीट झाकून ठेवायचे. चौतीस वर्षं हेच. एखादं नवं पोर 'बॉडी' म्हणालं की मामा म्हणत, "बॉडी ट्रकला असते. हे आजोबा आहेत." इथले निम्मे सर्जन मामांची बोलणी खाऊन मोठे झालेत.

फक्त मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कॉलेजात कधी पाऊल टाकलं नव्हतं. "मढ्यांच्या नोकरीत बघायचंय काय?" हा त्यांचा सवाल. शेजारणींना तर नवरा 'साठवणीच्या खात्यात' आहे म्हणून सांगायच्या. यंदा पहिल्यांदाच त्या समारंभाला यायला तयार झाल्या होत्या. मामा मला तीनदा बजावून गेले, "भाऊसाहेब, जरा बरं लिहा. माझ्या कामाची तिला लाज वाटते. एकदा तरी वाटू नये."

मला असं सांगितल्यावर मी नुसतं बरं लिहीन होय? आधी लिहिलं, 'मामांनी विभागासाठी देह झिजवला.' पण झिजवणं हा शब्दच फार झिजलेला वाटला. खोडला. मग उतरलं ते असं: 'चौतीस वर्षांच्या अखंड सेवेनंतर मामांनी आपला देह शरीररचना विभागाला अर्पण केला.' माझी मलाच पाठ थोपटावीशी वाटली. समारंभाच्या दिवशी सकाळी नऊला पत्रक बोर्डावर लागलं.

साडेनऊला ही गर्दी. किडनीवाल्या सरांचं पारितोषिक लोकांनी चालता चालता वाचलं. मामांच्या परिच्छेदापाशी मात्र माणसं थबकत होती. दोन विद्यार्थिनी चक्क रडत होत्या. भुलीच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी खांबाआडून हे सगळं डोळे भरून पाहिलं. भाषेची ताकद, दुसरं काय!

अकराला डीन मॅडमनी बोलावलं. त्यांचेही डोळे लाल.

"तुमचं वाक्य वाचलं," त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं डॉक्टर आहे, पण अशी रडले नव्हते."

"छे छे, आपलं सहज सुचलं," मी लाजून म्हटलं.

"सन्मानचिन्हावर 'मरणोत्तर' शब्द वाढवायला सांगितलाय. सत्काराआधी दोन मिनिटं स्तब्धता पाळू."

"मरणोत्तर? कोण गेलं?"

"असं काय करता? मामा."

"मामा कधी गेले?"

"तुम्हीच तर लिहिलंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देह अर्पण केला म्हटल्यावर शरीररचना विभागात त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो सोडून बाकी सगळे मला सुचले होते. त्यात मामांनी नेमकी सकाळची सुट्टी घेतलेली, समारंभासाठी केस कापायला. मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी मामींना फोन लावलासुद्धा.

"आम्ही सगळे तुमच्यासोबत आहोत," मॅडम गहिवरून म्हणाल्या. "मामांचा देह आता आमचाच. त्याची नीट काळजी घेऊ."

पलीकडून मामींचा आवाज मलाही ऐकू आला. "घ्या बाई. माझं तर काडीचं ऐकत नाहीत."

"संध्याकाळी याल ना?"

"येणार म्हणजे काय, साडीला इस्त्रीही झाली."

मॅडमनी फोन ठेवला. "केवढं धैर्य! आणि हो, पुढच्या वर्षीच्या सेवागौरवासाठी तुमचं नाव सुचवणार आहे मी."

झालं. खरं बोलायला उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं. आधी मामांना गाठू, मग सगळं निस्तरू, असा विचार करून फोन लावला. मामांचा फोन बंद. धावत डिसेक्शन हॉलमध्ये गेलो, तर तिथले तरुण लेक्चरर एक नंबरचं टेबल स्वतःच्या हाताने पुसत होते.

"मामांना इथेच ठेवायचं," ते म्हणाले. "तीन रुग्णालयांत विचारलं, त्यांना आणणारी गाडी कुठे अडकलीय कोणालाच ठाऊक नाही."

चारला समारंभ. मामा दिसताच अडवावं म्हणून मी साडेतीनपासून सभागृहाच्या मुख्य दारात उभा. पण मामांना कुठेही मागच्याच दाराची सवय, कारण त्यांच्या हॉलमध्ये देह तिकडूनच येतात. आत स्तब्धता सुरू झाली, आणि मागच्या दाराने मामा आले! केस कापलेले, नवा सदरा, मागोमाग इस्त्रीच्या साडीत मामी. अख्खं सभागृह उठून उभं. तीनशे डॉक्टर, माना खाली. मामींचा पाय उंबऱ्यातच अडला.

"अहो, हे सगळे तुमच्यासाठी उभे राहिलेत?"

मामा भलतेच संकोचले. "बसा हो," त्या शांततेत ते म्हणाले, "कशाला उभं राहायचं एवढं?"

पहिल्या रांगेत कुणीतरी किंचाळलं. किडनीवाले सर धावत गेले आणि मामांची नाडी बघायला लागले. ती सापडली तसे त्यांनी मामांना मिठीच मारली. मग ज्या टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. किडनीवाल्या सरांच्या पारितोषिकालाही इतक्या पडल्या नाहीत. मामी सगळ्यांकडे पाहत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या. मलाही हुंदका आला, खोटं कशाला बोलू.

पण सन्मानचिन्ह? त्यावर लखलखीत अक्षरांत 'मरणोत्तर सेवागौरव'. मॅडमनी ते देताना माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच खुर्चीखाली शिरणार होतो. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि माइकपाशी गेले.

"अगदी बरोबर लिहिलंय," मामा म्हणाले. "माणूस जिवंत असताना त्याची सेवा तुम्ही करता. मरणोत्तर सेवा माझी."

सभागृह पुन्हा उठलं, आणि या खेपेला सगळ्यांच्या माना वर होत्या. मॅडमनी मला मान डोलावून शाबासकीही दिली. मी ती घेतली. नाही कशाला म्हणू?

दुसऱ्या दिवशी मामा-मामी माझ्या टेबलापाशी हजर. हातात देहदानाचा भरलेला अर्ज. नातेवाइकाच्या संमतीपुढे मामींची मोठी, ठसठशीत सही.

"कागदावर आलंच आहे, तर खोटं कशाला ठेवायचं?" मामा म्हणाले. "साक्षीदार तुम्ही व्हा."

"आणि दोन कोरे अर्जही द्या," मामी म्हणाल्या. "शेजारणींना दाखवायचेत. आमचे हे कुठे असतात ते कळू दे त्यांना."

माझा ऊर भरून आला. पेन उघडलं, क्षणभर डोळे मिटले आणि सुंदर अक्षरात सुरुवात केली, 'या मंगल क्षणी माझ्या अंतःकरणात...'

मामांनी हलकेच कागदावर हात ठेवला.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "इथं नुसती सही. वाक्य नको."