पेढ्याचा बाप विचारणारे खुशालमामा

खुशालमामांच्या हातावर पेढा ठेवला की ते तो तोंडात टाकत नाहीत. डोळ्यांसमोर धरतात, बोटानं जरासा दाबून पाहतात, आणि सरळ त्यालाच विचारतात, "काऊन गा, तुहा बाप कोण?"

पेढा अर्थातच गप्प राहतो. मग पेढा देणाऱ्याची उलटतपासणी सुरू होते. खवा कुठचा? वळताना हाताला काय लावलं? ज्या परातीत थापला, त्या परातीत सकाळी कणीक तर नव्हती भिजवली? एकदा एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, त्यांनी हाच प्रश्न नवरदेवाच्या वडलांसमोर, मोठ्यानं विचारला. त्या गृहस्थांना वाटलं, आपल्याच खानदानाची चौकशी चालली आहे. ते जे रुसून मांडवाबाहेर गेले, ते दोन तासांनी परत आले.

मामा आमचे शेजारी. नात्यानं कोणीच नाहीत, पण आमच्या गावात शेजारी नुसता शेजारी राहत नाही, त्याला काहीतरी लागावंच लागतं. एकेकाळी पंचक्रोशीतल्या लग्नांचे आचारी. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटेच. आणि मी नवेगाव बांधच्या अलीकडल्या या गावात शाळेचा बाबू, म्हणजे क्लार्क. गावातला सर्वांत हुशार माणूस कोण, असं कोणी विचारलं असतं, तर त्या काळात मी लाजत लाजत स्वतःचंच नाव सांगितलं असतं.

ही हुशारी कशी उतरली ते सांगतो.

आमची मिनू सहा वर्षांची होती, पण दिसायची चारची. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. बायको म्हणायची, डॉक्टरला दाखवा. मी म्हणायचो, अशक्तपणा आहे, ताकदीचं खाऊ घाल. मग मी स्वतः ताकदीचं आणायला लागलो. बिस्किटं, टोस्ट, सकाळी शिरा, संध्याकाळी शेवया. मामाही बालूशाही करून आणत. पोरगी ओकायची, आणि मी आणखी एक बिस्किटाचा पुडा फोडायचो. शेवटी बायकोनं मला न विचारता बॅग भरली आणि आम्ही नागपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हिला गहू चालत नाही. जन्मभर नाही. कणभरही नाही.

परत आलो त्या संध्याकाळी मामा चहाला बसले होते. मी डॉक्टरांच्या थाटात समजावून सांगितलं, की काही पोरांच्या आतड्याला गहू सोसत नाही, मग पोट फुगतं, अंग वाळतं, वाढ खुंटते.

मामांनी कप खाली ठेवला. "गहूच?"

"हो."

"पक्का गहूच?"

"हो मामा. गहूच."

तिसऱ्यांदाही तेच विचारलं आणि चहा अर्धा टाकून उठून गेले. मला वाटलं, साखर कमी पडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारात हजर. "पोट कसं हाय पोरीचं?" मग परवानगी न घेता स्वयंपाकघरात शिरले आणि आमची हिंगाची डबी उचलून थेट उकिरड्यावर! बायको ओरडली, "अवो मामा, हिंग हाय तो!" मामा म्हणाले, "हिंग नाममात्र हाय. बाकी कणीकच हाय त्याच्यात. मी जनमभर वापरला, मले नको शिकवू." मी डबी उचलून आणून लेबल वाचलं. मामा खरं बोलत होते. आचारी माणूस, पदार्थांची लफडी त्याला नाही तर कोणाला ठाऊक असणार?

तेव्हापासून त्यांचं डोकं फिरलं असं गाव म्हणू लागलं. म्हणायला सुरुवात मीच केली होती, हे इथे कबूल करतो.

मामा रोज सकाळी यायचे. पाहुणे असोत, सासरा असो, दारातूनच आवाज. "पोट कसं हाय? झाडा झाला का बराबर?" मिनू लाजून पलंगाखाली जायची आणि मी दात ओठ खायचो. म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो, असं मी बायकोला समजावत होतो.

मग जवळ आला मिनूचा सातवा वाढदिवस. वर्गातल्या एका पोरीनं आपल्या वाढदिवसाला गोंदियाहून गुलाबी केक आणला होता, फुलवाला. मिनूला तो खाता आला नव्हता. घरी येऊन म्हणाली, "बाबा, मले बी फुलवाला केक पायजे. मी खाऊ शकीन असा."

मी म्हणालो, एवढंच ना? आणि गोंदियाला गेलो.

पहिल्या दुकानात विचारलं, "भैया, इसमें गेहूँ तो नहीं?"

"नहीं साहब, शुद्ध देसी घी है."

दुसऱ्या दुकानातला जास्त प्रामाणिक निघाला. केककडे बोट दाखवून म्हणाला, "गेहूँ का तो सवालही नहीं. प्योर मैदा है."

आणि मी तो विकत घेतला! वर सोनपापडीही घेतली. बसमध्ये मांडीवर डबा धरून, जग जिंकल्यासारखा आलो. मामा दारातच उभे. डबा उघडून विचारलं, "बाप कोण?" मी ऐटीत म्हणालो, "मैदा."

"आन मैद्याचा बाप?"

मी विचार केला. खरं सांगतो, कधी केलाच नव्हता. मैदा दुकानात होतो, रवाही दुकानात होतो, असा माझा चौतीस वर्षांचा समज. धानाच्या मुलखातला माणूस मी, गव्हाचं झाड दाखवलं असतं तर गवत म्हणून उपटलं असतं. बायको माझ्याकडे बघत होती. केक गल्लीतल्या पोरांनी खाल्ला, आणि छान होता म्हणे.

मग मी विज्ञानाकडे वळलो. शाळेच्या प्रयोगशाळेतून आयोडीन आणलं आणि घरातल्या एकेका मिठाईवर थेंब टाकत सुटलो. जे निळं झालं ते फेकलं. शेवटी शंका म्हणून भातावर टाकलं, तर तोही निळा. विज्ञानाचे सर आठ दिवस मला पाहिलं की तोंड फिरवून हसायचे.

"बाबू, तू कागदं लिही," मामा म्हणाले. "केक मी करतो."

त्यांनी आधी नवं पातेलं आणलं, नवी चाळणी आणली. गिरणीत तांदूळ दळायला मात्र तयार होईनात, कारण जात्यात आदल्या गिऱ्हाइकाचा गहू असतो. मग माळ्यावरचं मामीचं जुनं दगडी जातं काढलं, तीनदा धुतलं, आणि सत्तरीचे खुशालमामा पाय पसरून ओसरीवर दळायला बसले. पुरुष माणूस जात्यावर! बाया पाणी भरायला जाताना मुद्दाम थांबायच्या. "काऊन मामा, ओवी येते का नाई?" मामा मान वर न करता म्हणायचे, "येते ना. तू लुगडं-चोळी घेऊन ये, मंग गातो."

तांदळाचं पीठ, तलावातल्या वाळवलेल्या शिंगाड्यांचं पीठ, गूळ, खवा. वाळू तापवून त्यात पातेलं. पहिला केक फुटेना, शेवटी बत्ता आणावा लागला. दुसऱ्याचा शिरा झाला. तिसरा मी करून पाहिला, त्याबद्दल न बोललेलं बरं. चौथा मात्र फुगला, आणि वर मामांनी बीटाच्या रसात रंगवलेल्या खव्याचं फूल बसवलं.

वाढदिवसाला अख्खी गल्ली आली. मिनूनं सुरी चालवायच्या आधी केककडे वाकून विचारलं, "काऊन गा, तुहा बाप कोण?" सगळे हसले. "धान हाय माय, धान," मामा म्हणाले, "खा पोटभर." तिनं दोन तुकडे खाल्ले, वाटीत भात घेतला, मग तिसरा तुकडा मागितला.

मामा कुठं दिसेनात म्हणून मी मागल्या दारी गेलो. ते जात्याजवळ बसून केकचा एक तुकडा पळसाच्या पानात बांधत होते. मी आपला नेहमीचा चावटपणा केला. "कोणासाठी बांधून राहिले मामा? नवी मामी पाहिली का?"

"बेबीसाठी," ते म्हणाले.

"कोण बेबी?"

"आमची पोरगी. तू नव्हता तवा गावात. असंच पोट होतं तिचं, मिनूसारखं. असेच काड्यावानी पाय."

मी जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलो.

"लोक म्हणत, भातानं सुकली, तिले गव्हाची पोळी चारत जा. गहू तवा पाहुण्यायलेच भेटे. मी लग्नाच्या कामाचा पैसा घेऊन गोंदियावरून गहू आणो. आमी दोघं भात खाऊन राहिलो, आन तिले पोळी. तूप लावून. माह्या हातानं." त्यांनी दोऱ्याची गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. "ती भातासाठी रडे, बाबू. भात दे, भात दे म्हणे. मी देत नव्हतो."

"तुम्हाला काय माहीत होतं मामा," मी म्हणालो. माझा स्वतःचा बिस्किटाचा पुडा मला आठवत होता. माझी पोरगी आत हसत होती, तेवढाच आमच्या दोघांत फरक. मला रडू आलं आणि मी लपवलं नाही.

संध्याकाळी मामा ते पान घेऊन एकटेच तलावाच्या बाजूला गेले, जिथं गावातली लहान पोरं पुरतात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची वाट पाहिली नाही. उजाडल्याबरोबर मिनूला कडेवर घेतलं आणि त्यांच्या दारात गेलो. ते चपला घालून निघतच होते.

"मामा, पोट दुखत नाही तिचं," मी म्हणालो. "छान झोपली रात्रभर."

त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवून पाहिलं. "उठल्यावर काई मागतलं का तिनं?"

"भात मागून राहिली."

"मंग इथं काऊन उभा हायेस?" मामा म्हणाले. "जाय. मागन तेवढा देजो."