लेबल नसलेल्या एकशे बारा बाटल्या

सरबताच्या प्रत्येक बाटलीमागे कोपऱ्यावरचा दुकानदार अनामत घेतो आणि रिकामी बाटली दिली की परत करतो. मग बाटल्या टाकायच्या कशाला? मी साठवायचं ठरवलं. तेही कशातरी नाही, गरम पाण्यात भिजवून, लेबलं नखांनी खरवडून, अगदी लख्ख करून. (नखं गेली. कौतुक कुणीच केलं नाही.)

सहा महिन्यांत मागची खोली भरली. तेवढ्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी आरामाला आमच्याकडे यायचं ठरलं.

"आई चार वाजता येतेय," बायको म्हणाली. "त्या खोलीत एक जरी बाटली दिसली ना, तर त्या बाटलीबरोबर तुम्हीही बाहेर."

मी हातगाडी भाड्याने घेतली आणि एकशे बारा बाटल्या ढकलत दुकानात नेल्या. दुकानदाराने एक उचलून उजेडात धरली.

"लेबल कुठंय?"

"काढलं. स्वच्छ नको?"

"लेबलावरचा शिक्का बघूनच बाटली घेतो आम्ही. ही आमची कशावरून?"

माझं डोकंच फिरलं. "विकताना बरी तुमची होती! अनामत घेताना विचारलंत का, ही कुणाची म्हणून? गल्लीभर बाटल्या विकायच्या, नफा खिशात घालायचा आणि कचरा मात्र आमच्या माथी? लाज वाटत नाही?" मागे रांग लागली होती. एक आजोबा "बरोबर बोलतोय" म्हणाले, त्यामुळे मला आणखी चेव आला. "हा नियम केला कोणत्या गाढवाने?"

दुकानदाराने शांतपणे भिंतीवरचा कागद दाखवला. पालिकेचं परिपत्रक. लेबल नसलेली बाटली परत घेण्याचं बंधन दुकानदारावर नाही. खाली सही.

मी पालिकेत लेखनिक आहे हे सांगायचं राहिलं. साहेबांच्या वतीने दिवसाला दोनशे सह्या ठोकतो (वाचत बसलो तर दोनशे होतील का?). आणि त्या सहीच्या शेवटची ती मोठी वेलांटी मी पोरवयापासून काढतोय.

"मलाही हा नियम पटत नाही हो," दुकानदार म्हणाला. "लोक भांडतात माझ्याशी. बदला म्हणून तीनदा अर्ज दिला. तुम्हाला तक्रार करायची तर करा, पण ती या सहीवाल्याच्याच टेबलावर जाते. तो माणूस काही वाचतच नाही."

आजोबा म्हणाले, "अशा माणसाला बाटल्यांबरोबर भट्टीत घातलं पाहिजे." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

पावणेचारला हातगाडी परत दारात. बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"काय म्हणाला दुकानदार?"

"म्हणाला, पालिकेतला तो सहीवाला अगदी बिनकामाचा माणूस आहे."

"ते मला लग्नापासून माहीत आहे," ती म्हणाली. "बाटल्यांचं काय झालं ते सांगा."